इव्हरेआची धूळपाटी

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं जुनी मंडळी असतील त्यांनीं धूळपाटीची गोष्ट केव्हां ना केव्हां ऐकलीच असेल. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, काडीनें अक्षर काढावयाचें, चुकलें तर हात फिरवून मोडावयाचें आणि पुन्हां काढावयाचें. कागद महाग, शाई महाग. पण धूळ फुकट होती, आणि म्हणून चूक करण्यासही मोल पडत नव्हतें. शिकणाराच्या मनांतून चुकीचें भय गेलें म्हणजे अर्धी विद्या आलीच, हें त्या काळच्या पंतोजींना ठाऊक असो वा नसो, त्यांच्या पाटीला ठाऊक होतें.

श्रोतेहो, आज मी आपणांस अशाच एका पाटीचा इतिहास सांगणार आहें. ही पाटी लांकडाची नाहीं. सुमारें ६९ मिलिमीटर लांब, ५३ मिलिमीटर रुंद, निळ्या रंगाची आणि तांब्याच्या रेघांनीं आंखलेली अशी ती विजेची पाटी आहे. तिचें नांव आर्डुइनो. इ. स. २००५ सालीं इटलीच्या वायव्य भागांतील इव्हरेआ नांवाच्या लहानशा शहरीं ती जन्मास आली. आज पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा शाळकरी मुलगा ती मागावयास आला तर दुकानदारास नवल वाटत नाहीं. तिची ही कहाणी जितकी यंत्राची आहे तितकीच माणसांची आहे. तींत मोठें दान आहे, आणि नांवावरून झालेला कलहही आहे.

प्रथम या पाटीवर बसविलेल्या मुख्य वस्तूची ओळख करून घेऊं. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कोणत्याही संगणकाला तीन अंगें असावीं लागतात : हिशेब करणारें, लक्षांत ठेवणारें, आणि बाहेरच्या जगाशीं देवघेव करणारें. ही तीनही अंगें नखाएवढ्या एकाच चिपेवर आणून बसविलीं म्हणजे मायक्रोकंट्रोलर झाला. अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींत गॅरी बून व मायकेल कॉक्रन यांनीं १९७१ सालीं अशी चिप सिद्ध केली, आणि १९७४ पासून ‘टीएमएस १०००’ या नांवानें ती बाजारांत मिळूं लागली. इंटेल कंपनीची ८०४८ ही चिप १९७६ सालीं आली, व ८०५१ ही १९८० सालीं. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कित्येक पिढ्यांनीं या ८०५१ वरच पहिले धडे गिरविले. कपडे धुण्याचें यंत्र पाण्याची पातळी ओळखतें, उद्वाहक बरोबर मजल्यावर थांबतो, मोटारगाडी इंधनाचें मोजमाप करते, तें सारें अशाच चिपांच्या बळावर.

परंतु ही बुद्धि कारखान्यांत एकदां भरली जाई आणि तेथेंच मिटून जाई. घरच्या माणसास तिच्याशीं बोलावयाचें झालें तर मार्ग बिकट होता. चिपेंत आज्ञावली भरण्यासाठीं निराळें यंत्र लागे. पुष्कळ चिपांच्या पाठीवर क्वार्ट्झची एक चिमुकली खिडकी असे. आज्ञावलींत एखादी चूक निघाली कीं चिप उपटून अतिनील किरणांच्या दिव्याखालीं ठेवावयाची, त्या खिडकींतून आंत किरण जाऊन पूर्वीचा मजकूर पुसला जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटें वाट पहावयाची, आणि मग पुन्हां भरावयाची. एका स्वल्पविरामाचा दंड इतका! असल्या शाळेंत जिद्दी अभियंताच टिके. चित्रकार, शिंपी, शेतकरी किंवा मूल तिच्या पायरीवरूनच परत फिरे.

ही अडचण क्रमाक्रमानें दूर झाली. १९९३ सालीं मायक्रोचिप कंपनीची ‘पिक १६ सी ८४’ ही चिप आली. तिच्यांतील आज्ञावली विजेनेंच पुसतां येई, किरणांचा दिवा नको. नॉर्वेंतील ट्रॉनहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेंतून ‘एव्हीआर’ या कुळांतील चिपा निर्माण झाल्या. ॲटमेल या अमेरिकन कंपनीनें त्या १९९० नंतरच्या दशकांत विक्रीस काढल्या. त्यांतील मजकूरही हवा तितक्या वेळां विजेनें पुसून नवा लिहितां येई. म्हणजे धूळ मिळाली होती. फळी मात्र अजून कोणी केली नव्हती. तशी १९९२ पासून पॅरालॅक्स या कंपनीची ‘बेसिक स्टँप’ नांवाची एक सोपी पाटी होती, आणि तिनें अनेकांना वाट दाखविली. पण जोडसाहित्यासह तिचा खर्च १०० डॉलरांच्या घरांत जाई, आणि तिची शक्तिही बेताची होती. विद्यार्थ्याच्या खिशाला ती झेपण्यासारखी नव्हती.

आतां आपण इव्हरेआस जाऊं. हें गांव लहान असलें तरी यंत्रविद्येच्या इतिहासांत अपरिचित नाहीं. १९०८ सालीं कामिलो ऑलिव्हेट्टी यांनीं येथें टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला. त्यांचे चिरंजीव आद्रियानो यांनीं त्याच्याभोंवतीं कामगारांसाठीं घरें, वाचनालयें, बालकमंदिरें उभारलीं. यंत्र उपयोगी असावें तसेंच सुंदरही असावें, असा या घराण्याचा आग्रह होता. टेबलावर ठेवण्याजोगा ‘प्रोग्रामा १०१’ हा गणकही याच कंपनीनें १९६५ सालीं जगापुढें मांडला. पुढें त्या उद्योगाचे दिवस पालटले. कारखाने ओस पडले, इमारती राहिल्या. ‘विसाव्या शतकांतील औद्योगिक नगरी’ म्हणून युनेस्कोनें २०१८ सालीं इव्हरेआस जागतिक वारशांत स्थान दिलें, तें या इमारतींमुळेंच.

याच गांवीं २००१ सालीं, तेलेकोम इटालिया व ऑलिव्हेट्टी यांच्या द्रव्यसाहाय्यानें, एक छोटी पदव्युत्तर संस्था सुरू झाली. माणूस आणि यंत्र यांचा व्यवहार सुखाचा कसा होईल, याचें शिक्षण तेथें दिलें जाई. विद्यार्थी बहुतेक कलावंत व आरेखक. त्यांना बोलणारी खुर्ची, हालणारें चित्र, स्पर्श ओळखणारें वस्त्र अशा वस्तु करावयाच्या असत. आणि त्यासाठीं वीज व आज्ञावली यांच्याशीं गांठ पडणें अपरिहार्य होतें. मासिमो बान्झी हे त्यांचे एक अध्यापक. केसी रीस हे दुसरे. त्यांनीं बेन फ्राय यांच्यासह २००१ पासून ‘प्रोसेसिंग’ नांवाची सोपी भाषा घडविण्यास आरंभ केला होता, कीं जिच्या योगें चित्रकारानेंही संगणकास आज्ञा कराव्या.

या संस्थेंत कोलंबिया देशाहून आलेला हर्नांडो बारागान नांवाचा विद्यार्थी होता. जें ‘प्रोसेसिंग’नें पडद्यावरच्या चित्रांसाठीं केलें तेंच विजेच्या वस्तूंसाठीं कां करूं नये, असा प्रश्न त्यानें आपल्या प्रबंधासाठीं घेतला. बान्झी व रीस हे त्याचे मार्गदर्शक. २००३ सालीं काम सुरू झालें व २००४ सालीं प्रबंध पुरा झाला. या कामाचें नांव त्यानें ‘वायरिंग’ असें ठेविलें. त्यांत पाटी होती, संगणकावर आज्ञा लिहिण्याची सोपी चौकट होती, आणि मुख्य म्हणजे आज्ञांची साधी बोली होती. चिपेच्या पोटांतील कोणत्या कप्प्याचा कितवा अंक पालटावयाचा, हें शिकणाराला ठाऊक असण्याचें कारण उरलें नाहीं. ‘अमुक पिनेंतून वीज सोड’, ‘इतका वेळ थांब’, एवढें सांगितलें कीं झालें. आणि हें सर्व त्यानें उघडें ठेविलें. ज्याला हवें त्यानें घ्यावें, पालटावें, वापरावें.

२००५ सालीं बान्झी, स्वीडनमधील मालम्यो विद्यापीठाचे डेव्हिड क्वार्तियेल्स आणि त्याच संस्थेंतील विद्यार्थी डेव्हिड मेलिस यांनीं ‘वायरिंग’ची आज्ञाप्रणाली घेऊन ती एटीमेगा ८ या अधिक स्वस्त चिपेवर चालेल अशी केली, आणि तें काम निराळ्या नांवानें पुढें चालविलें. न्यूयॉर्क विद्यापीठांत शिकविणारे टॉम आयगो त्यांस मिळाले. पाट्या प्रत्यक्ष तयार करवून घेण्याची बाजू जियानलुका मार्तिनो यांनीं संभाळली. ही मंडळी ज्या पेयगृहांत बसत त्याचें नांव ‘आर्डुइनो राजाचें पेयगृह’ असें होतें. हा राजा खराखुरा होऊन गेला. इव्हरेआचा हा सरदार १००२ सालीं इटलीचा राजा म्हणून अभिषिक्त झाला. दोनच वर्षांनीं जर्मन राजा दुसरा हेन्री यानें त्याचें राज्य हिरावून घेतलें, आणि अखेरीस त्यानें मठाचा आश्रय केला. त्याचें राज्य गेलें, नांव पेयगृहाच्या पाटीवर राहिलें, आणि तेथून तें या विजेच्या पाटीवर आलें.

किंमत ठरवितांना त्यांनीं असा अंदाज बांधला कीं, पिझ्झाच्या दुकानांत एका वेळच्या भोजनास जो खर्च येतो तेवढ्यांत, म्हणजे सुमारें ३० डॉलरांत, पाटी मिळाली पाहिजे. प्रारंभीं ३०० कोऱ्या पाट्या छापून आणल्या आणि विद्यार्थ्यांच्या हातीं देऊन सांगितलें कीं, सूचना वाचा, भाग जोडा, आणि यावर कांहीं तरी करून दाखवा. पहिल्या पहिल्या करामतींपैकीं एक होतें गजराचें घड्याळ. तें छताला टांगलेलें असे. झोंपाळू माणसानें गजर थोपविण्यासाठीं हात लावला कीं तें थोडें वर चढे, आणि शेवटीं उठून उभें राहिल्यावांचून त्याला गांठतां येत नसे. ज्याला कालपर्यंत विजेच्या तारेचें भय वाटत होतें त्याला आज असला विनोद सुचावा, यांतच या पाटीचें यश दिसून येतें.

तिच्यावरील पहिला धडा तरी कसा असतो? २०१० सालीं निघालेली ‘उनो’ नांवाची पाटी घेऊं. उनो म्हणजे इटालियन भाषेंत एक. साध्या यूएसबी तारेनें ती संगणकाला जोडावयाची. चिपेंत आधींच एक छोटी आज्ञावली वस्तीला असते. तारेंतून येणारा नवा मजकूर ती उतरून घेते, म्हणून निराळें यंत्र लागत नाहीं. पाटीवर एक लहानसा दिवा १३ क्रमांकाच्या पिनेस जोडलेला आहे. मूल सात-आठ ओळी लिहितें : दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा मालव, एक सेकंद थांब, पुन्हां पहिल्यापासून. दिवा लुकलुकूं लागतो. मग तें मूल एका सेकंदाचा अर्धा सेकंद करतें. दिवा घाई करूं लागतो. आपण लिहिलें आणि वस्तूनें ऐकलें, हा अनुभव त्यास प्रथमच येतो.

पुढची वाट येथून फुटते. पाटीच्या १४ पिना ‘आहे’ आणि ‘नाहीं’ एवढे दोनच शब्द जाणतात : ५ व्होल्टांचा दाब आहे किंवा नाहीं. आणखी ६ पिना मात्र तरतमभाव ओळखतात; ० ते ५ व्होल्टांमधील दाब मोजून तो ० ते १०२३ पर्यंतच्या आंकड्यांत सांगतात. त्यांपैकीं एकीस कुंडींतील मातीचा ओलावा जोखणारी पट्टी जोडली, आणि एका पिनेवरून लहानसा पंप चालू-बंद करण्याची सोय केली, तर झाडाला पाणी केव्हां घालावयाचें हें पाटी ठरवूं शकते. या पाटीच्या चिपेची कामचलाऊ स्मृति अवघी २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ रोमन अक्षरांची. आज्ञावली ठेवण्याची जागा ३२ किलोबाइट. आपल्या खिशांतील फोनापुढें हें कांहींच नव्हे. पण एवढ्याशा घरांत काय कोठें ठेवलें आहे हें शिकणाराला सारें दिसतें. वाड्यांत तो हरवला असता.

आतां या कहाणीचा मर्म सांगावयाचें. ज्या सुमारास ही पाटी तयार होत होती त्याच सुमारास ती संस्था बंद पडण्याच्या मार्गाला लागली होती. पुढें ती मिलानच्या दोमुस अकादमींत विलीन झाली. संस्था मिटली तर तिच्या मालकीच्या कागदांबरोबर हें कामही कोणाच्या तरी कपाटांत कुलूपबंद होईल, अशी धास्ती या मंडळींस वाटली. म्हणून त्यांनीं पाटीचा संपूर्ण आराखडा जगासमोर ठेविला. कोणीही तो घ्यावा, पाटी करावी, विकावी, सुधारावी. अट एवढीच कीं मूळ कर्त्याचा उल्लेख करावा आणि आपली सुधारणाही अशीच उघडी ठेवावी. आज्ञावली अशा रीतीनें उघडी ठेवण्याचा प्रघात पूर्वींपासून होता. पण हातीं धरतां येणाऱ्या वस्तूचा आराखडा असा देऊन टाकणें हें त्या काळीं धाडसाचें होतें. सर्व देऊन त्यांनीं एकच गोष्ट राखून ठेविली, ती म्हणजे आर्डुइनो हें नांव.

दिलेलें वाढलें. देशोदेशींच्या लहानमोठ्या कारखान्यांनीं पाटीच्या प्रतिकृति काढल्या, म्हणूनच आपल्याकडे ती कांहीं शें रुपयांत मिळूं लागली. घरगुती त्रिमितीय मुद्रणयंत्रांच्या आरंभींच्या अनेक नमुन्यांचा मेंदू आर्डुइनोच होता. आपल्या देशांत नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननें २०१६ पासून शाळाशाळांतून ज्या अटल टिंकरिंग लॅब उघडल्या, त्यांच्या साहित्यांतही ही पाटी आहे. आणि राखलेलें? तंटा झाला तो त्यावरच. पाट्या बनविणाऱ्या मार्तिनो यांच्या कारखान्यानें इटलींत हें नांव स्वतःकडे नोंदविलें होतें. २०१५ सालीं ही फूट चव्हाट्यावर आली. एकाच नांवाच्या दोन कंपन्या परस्परांविरुद्ध न्यायालयांत उभ्या राहिल्या, आणि मूळ मंडळींपैकीं एका पक्षास अमेरिकेबाहेर आपल्याच पाटीला ‘जेनुइनो’ म्हणावें लागलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत समेट जाहीर झाला. २०२५ च्या ऑक्टोबरांत क्वालकॉम या अमेरिकन कंपनीनें आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला आहे.

त्याच २०१६ सालीं बारागान यांनींही आपली हकीकत लिहून प्रसिद्ध केली. आर्डुइनोचें मूळ आपल्या प्रबंधांत आहे. निराळा संसार थाटण्याची गरज नव्हती, आपण आनंदानें साहाय्य केलें असतें, असें त्यांचें म्हणणें. कायद्यानें पाहतां त्यांचें काम घेण्यास कोणास मनाई नव्हती. तें त्यांनींच उघडें ठेविलें होतें. आर्डुइनोच्या पक्षानेंही ‘वायरिंग’चा आधार नाकारलेला नाहीं. तरीपण जगानें जी कथा ऐकली तींत पांच संस्थापक होते, पेयगृह होतें, राजाही होता. त्या कोलंबियन विद्यार्थ्याचें नांव मात्र फार थोड्यांच्या कानीं पडलें.

कोणी म्हणेल, विद्या उघडी ठेवली कीं असें व्हावयाचेंच. म्हणून ती झांकून ठेवावी हेंच बरें. मला तसें वाटत नाहीं. ती झांकली असती तर इव्हरेआच्या त्या संस्थेबरोबरच ती गेली असती, आणि बारागान यांचा प्रबंध शेंकडों प्रबंधांप्रमाणें फडताळांत राहिला असता. उघडी होती म्हणूनच ती आपल्या मुलांपर्यंत आली. पुढें कंपनी कोणाचीही होवो, जे आराखडे एकदां देऊन झाले ते परत घेतां येत नाहींत. परंतु दान घेणारावर एक कर्तव्य उरतें. जेथें द्रव्याचें ऋण नसतें तेथें नांवाचें ऋण अधिकच जपावें लागतें, कारण तें वसूल करावयास कोणी दारीं येत नाहीं.

आपली धूळपाटी प्रथम कोणी केली हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. काळानेंच तें नांव पुसलें. या निळ्या पाटीची गोष्ट तशी नाहीं. तिला वीस वर्षें जेमतेम लोटलीं आहेत, आणि तिचीं सर्व नांवें आपणांस ठाऊक आहेत. तेव्हां आपल्या घरचें मूल पहिल्यानें तो दिवा लुकलुकवून दाखवील तेव्हां त्यास शाबासकी द्या, आणि ती बोली प्रथम कोणी घडविली तेंही सांगा. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.